फळ्यावरची दाजींची ओळ

पाना हे त्याचं खरं नाव नव्हे. मागच्या खिशात कायम एक पाना खोचलेला असायचा, बसताना टोचायचा, तरी बाहेर निघायचा नाही; शेवटी डेपोतल्या मंडळींनी माणसालाच पाना करून टाकलं. पन्नाशीला टेकलेला मेकॅनिक, केस निम्मे पांढरे, निम्मे ग्रीसनं काळे, आणि खोड्या मात्र सहावीतल्या पोराच्या. कुणाची चप्पल बसच्या टपावर ठेवून द्यायचा. बस फेरीला जायची, चप्पल गावोगाव हिंडायची आणि संध्याकाळी मालकाला भेटायची. एकदा तर त्यानं साहेबांच्या टेबलाच्या एका पायाखाली रोज एकेक वॉशर सरकवला. टेबल इतक्या सावकाश तिरकं झालं की साहेब डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले.

अशा माणसाच्या बहिणीचा नवरा असणं ही काही सोपी नोकरी नाही. दाजी ती बरीच वर्षं इमानेइतबारे करत होते. ते त्याच डेपोत ड्रायव्हर. पाना त्यांना दाजी म्हणायचा म्हणून कंडक्टर दाजी म्हणायला लागले, मग कँटीनवाला, मग खुद्द साहेब. बघता बघता एकाच्या बहिणीचा नवरा अख्ख्या डेपोचा दाजी झाला. माणूस गंभीर. हसायचे, पण जपून, सुट्टे पैसे मोजून दिल्यासारखे. आणि गाडी अशी चालवायचे की मागच्या सीटवर झोपलेल्याची मान हलू नये.

मग एके दिवशी उतारावर कुत्रं आडवं आलं. दाजींनी ब्रेक दाबला. कुत्रं वाचलं, गाडीला ओरखडा नाही. पण थांबा जवळ आला म्हणून आधीच उठून उभी राहिलेली एक म्हातारी पुढे भेलकांडली आणि तिचा खुबा मोडला. चौकशी झाली. दाजींची चूक नाही असं साहेबांनी लिहिलं, वरच्या साहेबांनी लिहिलं, आणि म्हातारीनं तर दवाखान्यातून निरोप धाडला की बाबा, मीच घाई केली, तू जिवाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांनी दाजींना सोडलं. त्यांच्या उजव्या पायानं तेवढं सोडलं नाही. पुढच्या फेरीला माणसं गाडीत चढली आणि तो पाय असा लटपटायला लागला की बस बेडकासारखी उड्या मारत निघाली. दाजींनी ती कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, उतरले आणि म्हणाले, दुसरा ड्रायव्हर पाठवा.

तेव्हापासून दाजी स्टोअरमध्ये. नट-बोल्ट मोजून द्यायचे, सही घ्यायची, खिडकी बंद. साहेब माणूस वाईट नव्हता, त्यानं बरेच दिवस चालवून घेतलं. पण वरून विचारणा आली आणि मग त्यानं दाजींना बोलावून सांगितलं: महिनाअखेर इन्स्पेक्टर येतील, गाडीत माणसं बसवून चाचणी घेतील. पास झालात तर स्टेअरिंग तुमचं. नाहीतर कायमचं स्टोअर. पगार तोच, काळजी करू नका.

पगार तोच, हे ऐकून दाजींचा चेहरा जो पडला तो पानानं पाहिला. ताईनंही घरचं सांगितलं. टीव्हीवर नुसता रस्ता दिसला तरी ह्यांचा पाय जेवता जेवता जमीन दाबतो म्हणाली. पहाटे पहिल्या फेरीच्या वेळेला उठून बसतात, आणि उठून करायचं काय ते आठवेना म्हणून परत आडवे होतात.

"तू काहीतरी कर," ताई म्हणाली. "पण चेष्टा नको हां. चेष्टा सोडून जे येतं ते कर."

पाना घरी जाताना वाटभर विचार करत होता की चेष्टा सोडून आपल्याला येतं काय.

येत होतं एक. इंजिन खोलायला. भलंमोठं इंजिन समोर ठेवलं की नवख्या माणसाची छाती दडपते. पाना काय करायचा, जमिनीवर जुनी चादर अंथरायचा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू तिच्यावर ओळीनं मांडायचा. इंजिनाकडे बघायचंच नाही, चादरीकडे बघायचं. एवढं झालं, एवढं झालं, असं म्हणत दुपारपर्यंत इंजिन मोकळं. दाजींनाही अशी चादर पाहिजे, हे त्याला कळलं. कुठली, ते दोन दिवसांनी कळलं.

झालं असं, की दाजी ऑइल सील द्यायला वर्कशॉपमध्ये आले आणि बोलता बोलता उभ्या बसला हात टेकून उभे राहिले. कितीतरी दिवसांनी. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. पानाच्या आलं.

आता डेपोत चौकशीच्या खिडकीशेजारी एक मोठा काळा फळा होता. सकाळी त्याच्यावर दिवसभराच्या गाड्या खडूनं लिहायच्या: कुठली गाडी, कुठला फलाट, किती वाजता. खिडकीतल्या बाई त्या बघून भोंग्यावर पुकारायच्या. तिथला नियम एकच आणि दगडावर कोरल्यासारखा: फळ्यावर असेल ते पुकारायचं, नसेल ते पुकारायचं नाही. तळाची ओळ मात्र एक फेरी बंद पडल्यापासून रिकामीच असायची. पानानं इकडे तिकडे पाहिलं, खडू उचलला आणि त्या ओळीत लिहिलं: "दाजींनी गाडीला हात लावला. फलाट वर्कशॉप. वेळेवर."

डेपो पोट धरून हसला. खिडकीतल्या बाईंनी ती ओळ, ही काही गाडी नव्हे म्हणून, पुकारली नाही, पण पुसलीही नाही. फळा पुसायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी, हाही नियमच. दाजी संध्याकाळी घरी गेले ते तोंड फुगवून. ताईनं भावाला फोनवर असा धुतला की पानाला डेपोतले गाड्या धुणारे आठवले. नको म्हटलं होतं ना चेष्टा, म्हणाली. तो म्हणाला, ताई, चेष्टा नाही गं, चादर आहे ती. तिला वाटलं हा प्यायलाय.

दुसऱ्या दिवशी दाजी फळ्यासमोर आले. ओळ पुसली होती. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत विचारलं, आज काय लिहायचं? त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं की टोमणा होता, ते दाजींना ठरवता आलं नाही. ते तरातरा वर्कशॉपमध्ये गेले, एका उभ्या गाडीत चढले, सीटवर बसले, हॉर्न वाजवला आणि उतरून पानाला म्हणाले, "जा, लिही. मी काय लहान पोर आहे?"

पानानं लिहिलं: "दाजी सीटवर बसले. हॉर्न एकदा. रागात, पण वेळेवर."

तिथून सुरुवात झाली. डेपोच्या मागच्या आवारात भंगारात जायच्या बेताला आलेली एक जुनी बस होती. साहेबांनी सरावाला ती दिली, रिकामी चालवायची या अटीवर. एके दिवशी नुसतं इंजिन चालू झालं. मग गाडी हातभर पुढे गेली. मग रिव्हर्स, आणि फळ्यावर "भिंत शाबूत" अशी नोंद. बाकावर बसून दिवस काढणारी म्हातारी मंडळी ती ओळ वाचायला येऊ लागली. कँटीनवाला उद्याच्या ओळीवर चहाच्या पैजा लावायचा. दाजी वरवर वैतागायचे, पण ताई सांगायची की रात्री जेवताना हल्ली दोन शब्द जास्त बोलतात.

एकदा पानानं उत्साहात लिहून टाकलं, "आवारात दोन फेऱ्या." दाजी स्टोअरमधून आले, बाहीनं ते दोन पुसलं आणि तिथं दीड लिहिलं.

"अहो दाजी, अर्ध्या फेरीसाठी काय जीव काढता?"

"दुसरीला अर्ध्यात थांबलो मी. दीडच झाली."

"कोण मोजतंय?"

"मी मोजतोय," दाजी म्हणाले. "आज खोटं लिहिलंस तर उद्या खऱ्या दोन मारीन, त्या फुकट जातील. आणि हे बघ, झालं की लिहायचं. व्हायच्या आधी लिहायचं नाही."

त्या दिवसापासून खडू दाजींनी स्वतःच्या हातात घेतला. पानाला जरा वाईट वाटलं, विनोद कमी होणार म्हणून. पण झालं उलटंच. एकदा त्यानं युक्ती केली. दाजी आवारात फेरी मारत असताना हळूच मागच्या दारानं चढला आणि शेवटच्या सीटवर जाऊन खोकला. गाडीनं लगेच दोन उड्या मारल्या. त्या संध्याकाळी फळ्यावर दाजींच्या रेखीव अक्षरात ओळ होती: "मेहुणा मागे बसला. पाय लटपटला. मेहुणा उतरला. पाय थांबला." पानाच्या आयुष्यातल्या सगळ्या विनोदांना मिळून जेवढं हसू मिळालं नसेल तेवढं त्या ओळीला मिळालं.

पण हसून झाल्यावर तो घरी गेला आणि विचारात पडला. कारण गोम तिथंच होती. रिकामी गाडी दाजी आता मागच्या आवारातून बाहेर काढून शेवटच्या फलाटापर्यंत आणायचे, तिथून फाटक, फाटकाबाहेर भिंतीच्या कडेनं एक वळसा घालून परत, तेही नीट. साहेबांनी तेवढी परवानगी दिली होती. पण मागे एक माणूस आला की सगळं मुसळ केरात. आणि चाचणी माणसांसकट होती.

चाचणी जवळ आली तशी ओळ आखडत गेली. रोज तोच वळसा, रिकाम्या गाडीचा. मग दोन दिवस ओळच नाही. ताईचा फोन आला. म्हणाली, ह्यांनी वर्दीचा शर्ट काढला, इस्त्री केली, आणि परत कपाटात ठेवून दिला. साहेबांना सांगणार आहेत की चाचणी नको, स्टोअरच बरं.

पानाला रात्रभर ते इस्त्री करून ठेवलेलं कापड दिसत राहिलं. सकाळी तो लवकर डेपोत आला आणि त्यानं दाजींचा नियम मोडला. झालेलं नव्हे, व्हायचं लिहिलं. तळाच्या ओळीत, बाकीच्या गाड्यांच्या थाटात: "डेपोभोवती एक वळसा. शेवटचा फलाट. दहा वाजता." मनात हेच, की दाजी वाचतील, चिडतील, आणि चिडले की करतील, सुरुवातीला हॉर्न नाही का वाजवला? मग तो एका गाडीखाली शिरला आणि कामात बुडाला.

आता घोळ असा, की खिडकीतल्या नेहमीच्या बाई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या होत्या. त्यांच्या जागी दुसऱ्या डेपोतून बदली बाई आल्या होत्या. कडक इस्त्री, चष्म्याला साखळी, आणि नियम पाठ. फळ्यावर असेल ते पुकारायचं.

पाना गाडीखाली उताणा पडला होता तेव्हा भोंगा बोलला. प्रवाशांनी लक्ष द्यावं, डेपोभोवती एक वळसा घालणारी गाडी शेवटच्या फलाटावर उभी आहे, दहा वाजता सुटेल. पानानं झटकन मान वर केली आणि कपाळ सायलेन्सरला आपटलं. तोवर बाईंनी तेच पुन्हा एकदा, जास्त स्पष्ट उच्चारात, सांगितलं.

तो टेंगूळ चोळत धावत आला तेव्हा जुनी बस शेवटच्या फलाटाला लागली होती. दाजी आले होते. फळा न वाचताच आले होते बहुतेक, शेवटचं एकदा स्टेअरिंग धरायला. आणि पुढच्या दारातून माणसं चढत होती. बाकावरचा निवृत्त पोस्टमन आणि त्याचा बहिरा मित्र, दोघं खिडकीच्या जागेवरून भांडत. एक बाई किरकिऱ्या पोरीला कडेवर घेऊन. तिची खरी गाडी दुपारची होती आणि पोरीनं सकाळपासून तिचा जीव खाल्ला होता. सगळ्यात मागून एक आजी, हातात जड पिशवी.

पाना पायरीवर चढला आणि हात जोडून म्हणाला, "आजी, ही गाडी कुठंच जात नाही हो. वळून इथंच येते."

"मग बरंच की," आजी म्हणाली. "परतीच्या गाडीची चिंता नाही."

ती ड्रायव्हरच्या बरोब्बर मागे बसली. पानानं दाजींकडे पाहिलं. दोन्ही हात स्टेअरिंगवर, बोटं पांढरी पडलेली. आणि उजवा पाय, गाडी चालूसुद्धा नसताना, शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या खोडीची भीती वाटली. तो हळूच म्हणाला, "दाजी, मी लिहिलं ते. माझी चूक झाली. उतरवतो सगळ्यांना, तुम्ही काही बोलू नका."

मागे पोस्टमन म्हणाला की दहा वाजून गेले, ह्या गाड्या कधी वेळेवर सुटायच्या नाहीत.

"राहू दे," दाजी म्हणाले.

ते सीटवरून उठले. पानाला वाटलं, उतरून चालले. पण ते मागे वळले, आजीसमोर उभे राहिले, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या पायाशी नीट टेकवून ठेवली. मग तिचा हात धरून पुढच्या दांडीवर ठेवला. "आजी, गाडी पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही. मी सांगीन तेव्हा उठायचं." आजीनं मान डोलावली. मग ते पोरीच्या आईकडे गेले, तिला आतल्या बाजूला सरकवलं. बहिऱ्या म्हाताऱ्याला खुणेनं दांडी धरायला लावली. प्रत्येकापाशी गेले, प्रत्येकाला धरून बसवलं, कुणाचंही मन राखत न बसता, दम देत. एवढं करून परत सीटवर बसले, तेव्हा पाय हलत होता, पण आधीसारखा नाही. थंडी ओसरत आलेल्या माणसासारखा.

पाना दारात उभा राहिला, कंडक्टरसारखा, आणि त्याला घंटीची दोरी ओढायचं धाडस होईना. आजीनंच ओढली.

गाडी निघाली. पहिलं वळण घेताना एक हिसका बसला आणि पोरगी रडायची थांबली. फाटकातून बाहेर, भिंतीच्या कडेनं, टायरच्या दुकानासमोरून. दाजींच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण गाडी आता पूर्वीसारखी चालत होती, झोपलेल्याची मान न हलवता. कोपऱ्यावर एक टेम्पो बेफिकीर मागे येत रस्त्यात घुसला. पानानं डोळे मिटले. त्याला ब्रेकचा आवाज आला नाही, नुसता गाडीनं सोडलेला श्वास आला. डोळे उघडले तर बस उभी होती, टेम्पोवाला हात दाखवत होता, आणि आजी दांडी घट्ट धरून त्याला शिव्या घालत होती. कुणी जागचं हललं नव्हतं.

शेवटच्या फलाटाला गाडी लागली. दाजींनी हँडब्रेक ओढला, मागे वळून म्हणाले, "आता उठा." मंडळी एकेक करून उतरली. पोरगी म्हणाली, परत. तिच्या आईनं तिला ओढून नेलं.

फलाटावर साहेब उभे होते, हातात बदली बाईंनी भोंग्याच्या गोंधळाबद्दल लिहून दिलेला कागद. विनापरवाना माणसं फाटकाबाहेर नेली, काही झालं असतं तर कोण जबाबदार, वगैरे सगळं त्यांनी ऐकवलं, आणि ते बरोबरच होतं. पानानं कबूल केलं की लिहिणारा मी. साहेबांनी त्याला तिथल्या तिथं महिनाभर गाड्या धुण्याच्या कामावर टाकला. मग दाजींकडे वळून विचारलं, पायाचं काय?

"पाय लटपटला," दाजी म्हणाले. "गाडी नाही लटपटली."

साहेबांनी कागदाची घडी घातली. एवढंच म्हणाले की चाचणी ठरल्या दिवशीच होईल, एक दिवस आधी नाही आणि नंतर नाही.

संध्याकाळी दाजींनी पानाची ती आगाऊ ओळ पुसली आणि तिथंच स्वतःची लिहिली: माणसं होती. कोणी पडलं नाही. बदली बाईंनी या खेपेला, पुकारण्याआधी, ही गाडी कुठं जाते ते विचारून घेतलं.

चाचणीच्या दिवशी इन्स्पेक्टर आला तो जाडजूड, अबोल माणूस. हातात फाइल, खिशात दोन पेनं. डेपोतले दहा-बारा जण प्रवासी म्हणून बसवले होते. पानाला बसू दिलं नाही. साहेब म्हणाले, तू आणि तुझे उपकार लांबच बरे. तो धुण्याच्या चौथऱ्यावरून पाइप धरून बघत होता. दाजी गाडीत चढले, सीटवर बसायच्या आधी मागे गेले, प्रत्येकाला दांडी धरायला लावली. इन्स्पेक्टर म्हणाला, मी परीक्षक आहे. दाजी म्हणाले, तुम्हीही धरा. म्हणे, वीस वर्षांच्या नोकरीत त्याला असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं फाइल काखेत मारली आणि दांडी धरली. गाडी गेली आणि बऱ्याच वेळानं आली. त्यानं कागदावर काय लिहिलं ते कुणी पाहिलं नाही, पण उतरताना गाडी पूर्ण थांबेपर्यंत तो उठला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

पुढच्या सोमवारी दाजींना फेरी मिळाली. जुनी, लांबची, घाटातली. फळ्यावर ती वरून तिसऱ्या ओळीत, बाकीच्या गाड्यांसारखीच. तळाची ओळ रिकामी. पानाचा हात शिवशिवला, पण खडूला हात लावायचा नाही अशी ताईनं शपथ घातली होती.

तो गुडघ्यापर्यंत फेसात उभा राहून एका बसची चाकं धूत होता तेव्हा दाजींची गाडी शेजारून निघाली. खचाखच भरलेली. पानानं पाइप उंच धरून पाण्याची कमान केली, सलामी म्हणून. एवढ्या जवळून गाडी गेली, पण दाजींनी मेहुण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचे डोळे समोरच्या आरशात होते, मागच्या माणसांवर. ओठ हलत होते, कुणाला तरी बसा म्हणत असावेत.

"बघितलंत?" शेजारी धुणारा म्हणाला. "तुमच्याकडे बघितलं पण नाही."

"बघितलं असतं तर मीच तक्रार केली असती," पाना म्हणाला, आणि पाइप त्याच्यावर धरला.